एका सांगाड्याचें तेहतीस वर्षांचें आयुष्य

ज्या घरांतील मुलगा, मुलगी किंवा जांवई अमेरिकेंत स्थायिक झाला आहे अशा घरीं आम्ही गेलों म्हणजे चहाच्या अगोदर छायाचित्रांचें पुस्तक हातीं येतें, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. मध्यंतरीं अशाच एका भेटींत एकाच कुटुंबाचीं तीन निरनिराळ्या काळचीं चित्रें एकाखालीं एक लावलेलीं आमच्या पाहण्यांत आलीं. पहिल्यांत आजोबा गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट घालून न्यूयॉर्कच्या पदपथावर उभे आहेत, सन १९९४. दुसऱ्यांत आजीबाई नऊवारीवर लोकरी कोट चढवून सुनेचा हात धरून आहेत, सन २०००. तिसऱ्यांत नातू एकटाच उभा असून त्याची उंची बापाहून वाढलेली आहे, सन २००९. माणसें बदललीं, पोशाख बदलले, मागच्या दुकानांच्या पाट्याही बदलल्या. परंतु तिन्ही चित्रांत पाठीमागें उभी असलेली पिवळी भाड्याची मोटार मात्र जवळजवळ तीच. घरच्या वहिनींनीं सहज विचारलें, "अमेरिकेंत सगळें दर वर्षीं नवें निघतें म्हणतात, मग हिलाच का कोणी बदललें नाहीं?" प्रश्न साधा होता, पण त्या वेळीं आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. पुढें चौकशी करतां जी हकीकत हातीं आली ती वाचकांपुढें ठेवीत आहों. तींत पेट्रोल आहे, कायदा आहे, एक हत्ती आहे, आणि कांहीं माणसांचे प्राणही गुंतलेले आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपला टांगा पाहा. खालीं आंस, चाकें, कमानी व दांड्या हा एक भाग, आणि वर बैठक व छप्पर हा दुसरा भाग. वरचा भाग मोडला तर सुतार तो उतरवून नवा बसवितो. खालच्या भागास कांहीं होत नाहीं. जुन्या मोटारी ह्याच तत्त्वावर बांधीत. खालीं पोलादी तुळयांची चौकट, म्हणजे चासी. तिच्यावर पुढें यंत्र, यंत्रापासून मागच्या आंसापर्यंत गेलेला लांब फिरता दांडा, आणि मागच्या चाकांनीं गाडी पुढें ढकलावयाची. ह्या सर्वांवर पत्र्याचा डबा रबराच्या गाद्या मध्यें घालून बोल्टांनीं आवळलेला. हल्लींच्या बहुतेक मोटारींत ही चौकट निराळी नसते. पत्र्याचा डबाच चौकटीचें काम करतो, यंत्र आडवें असतें व पुढचीं चाकें गाडीस ओढतात. त्यामुळें वजन वांचतें, जागा वांचते व पेट्रोलही वांचतें. मोटारींचे कारखानदार एका खालच्या सांगाड्यावर निरनिराळे डबे व निरनिराळीं नांवें चढवून अनेक गाड्या विकतात. वहिनींच्या चित्रांतली गाडी ज्या सांगाड्यावर उभी होती त्यास फोर्ड कंपनीच्या कचेरींत 'पँथर' म्हणत. गिऱ्हाइकांस तें नांव कधीं सांगितलेंच गेलें नाहीं; त्यांच्यासाठीं ती फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्विस किंवा लिंकन टाउन कार होती.

ह्या सांगाड्याचा जन्म टंचाईंतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन मोटारी वर्षानुवर्षें लांब व जड होत गेल्या. अठरा फुटांहून लांब व दोन टनांच्या घरांत वजन असलेली गाडी साध्या कारकुनाच्या दारांत उभी असावी ही तेथें नवलाची गोष्ट नव्हती. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली आणि पेट्रोलच्या पंपांसमोर मैल मैल रांगा लागल्या. १९७५ च्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारनें कायदा केला. प्रत्येक कारखानदारानें विकलेल्या सर्व मोटारींची सरासरी काढावयाची, आणि ती १९७८ सालच्या गाड्यांत गॅलनला १८ मैल, तर १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल झाली पाहिजे. अमेरिकन गॅलन आपल्या लिटरांत मांडला तर पहिला आंकडा लिटरला साडेसात किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. आज आपल्याकडे कोणी एवढ्यावर समाधान मानणार नाहीं. परंतु त्या काळच्या त्या अजस्र गाड्यांस तेंही जड होतें.

जनरल मोटर्सनें आधीं हालचाल केली व १९७७ च्या आपल्या मोठ्या गाड्या एकदम आखूड केल्या. फोर्डनें तेव्हां काय करावें? आमची गाडी अजूनही पूर्वीएवढीच मोठी आहे अशा आशयाच्या जाहिराती दिल्या! दुकानदाराचा माल गोदामांत शिल्लक असला म्हणजे तोच उत्तम असें तो सांगतो, त्यांतलाच हा प्रकार. आंत मात्र नव्या आखूड गाडीचे नकाशे तयार होत होते. त्याच सुमारास कंपनीचे सूत्रधार दुसरे हेन्री फोर्ड आणि त्यांचे अध्यक्ष ली आयकोका ह्यांचें बिनसत चाललें होतें. जुलै १९७८ मध्यें आयकोका ह्यांस कामावरून दूर करण्यांत आलें, आणि त्यानंतर दोनतीन महिन्यांतच शरद ऋतूंत नवी गाडी बाजारांत आली.

दोन चाकांच्या आंसांमधलें अंतर १२१ इंचांवरून सुमारें ११४ इंचांवर आलें. एकंदर लांबी पंधरा इंचांच्या आसपास कमी झाली आणि वजन कांहीं शें पौंडांनीं उतरलें. आंतली जागा मात्र फारशी कमी झाली नाहीं; उलट गाडी चौकोनी केल्यामुळें डोक्यावर व सामानाच्या पेटींत ऐसपैसपणा वाटे. परंतु मुहूर्त चुकला. जानेवारी १९७९ मध्यें इराणच्या शहानें देश सोडला, तेलाचा दुसरा तडाखा बसला, आणि 'लहान' म्हणून काढलेली ही गाडी लोकांस पुन्हा अवाढव्य वाटूं लागली. १९८० पासून तीन वर्षांत फोर्ड कंपनीस तीन अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आला. मागच्या चाकांनीं चालणारी मोठी गाडी हा आतां थोड्या वर्षांचा पाहुणा आहे, ही त्या काळीं मोटारधंद्यांतील सामान्य समजूत होती.

पाहुणा गेला नाहीं. तेलाच्या किंमती पुढें उतरत गेल्या आणि १९८६ मध्यें तर कोसळल्याच. ज्या वडील माणसांस मऊ गादी, रुंद बांक आणि झुलत झुलत चालणारी गाडी हवी होती तीं पुन्हा दुकानांत येऊं लागलीं. १९८० सालच्या लिंकन गाड्याही ह्याच सांगाड्यावर आल्या होत्या. तो थोडा लांबवून त्यावर श्रीमंतांची टाउन कार उभी राहिली. क्राउन व्हिक्टोरिया हें नांवही जुन्या पेटींतून काढलेलें. १९५५-५६ सालीं फोर्डच्या एका गाडीच्या छपरावरून मुकुटाच्या पट्ट्यासारखी चकचकीत पट्टी गेलेली असे, तिला तें नांव होतें. त्या नांवाशीं व्हिक्टोरिया राणीचा संबंध जोडून आमच्या एका स्नेह्यांनीं बराच वेळ वाद घातला होता, तो येथें निष्कारण आठवला.

आतां त्या हत्तीकडे वळूं. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत, ईरी सरोवराच्या उत्तरेस, सेंट थॉमस नांवाचें गांव आहे. एके काळीं तें रेल्वेचें मोठें ठाणें होतें. बार्नम ह्यांच्या सर्कशींतील जंबो हा जगप्रसिद्ध आफ्रिकन हत्ती तेथेंच मेला. खेळ आटोपल्यावर रुळांवरून त्यास सर्कशीच्या गाडीकडे नेत असतां मालगाडीची धडक बसली. ती तारीख १५ सप्टेंबर १८८५. गांवानें शंभर वर्षांनंतर, १९८५ मध्यें, त्याचा पूर्णाकृति पुतळा उभारला. ह्याच गांवाशेजारीं १९६७ सालीं फोर्डनें कारखाना काढला होता. आमच्या हकीकतींतली क्राउन व्हिक्टोरिया १९८० नंतरच्या दशकापासून शेवटपर्यंत तेथें तयार होत असे. लिंकन मिशिगनमधील विक्सम येथें होई. तो कारखाना २००७ मध्यें बंद पडल्यावर तीही सेंट थॉमसला आली. जंबोची तारीख वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१९९० च्या सुमारास कंपनीनें ह्या जुन्या सांगाड्यावर मोठा खर्च केला. आधीं टाउन कारचा डबा नवा झाला आणि मग १९९२ सालची म्हणून जी क्राउन व्हिक्टोरिया आली ती अगदींच गुळगुळीत, वाऱ्यास न अडविणारी. तिच्या पुढच्या अंगास जाळीच नव्हती; नाक नसलेल्या चेहऱ्यासारखें तें रूप गिऱ्हाइकांस रुचलें नाहीं, आणि दुसऱ्याच वर्षीं जाळी बसवावी लागली. आंतलें यंत्र मात्र मनापासून बनविलेलें होतें. ४.६ लिटरांचें, आठ नळकांड्यांचें हें यंत्र मिशिगनमधील रोमिओ येथें, पूर्वी जेथें ट्रॅक्टर बनत तेथें तयार होई. झडपा उघडणारा दांडा यंत्राच्या माथ्यावर असल्यामुळें तें जुन्या यंत्रापेक्षां गोड चाले, आणि वेळचे वेळीं तेल बदललें तर टॅक्सींत तीन तीन लाख मैल धांवे. वरचा डबा नवा, यंत्र नवें, पण खालची चौकट व तिची ठेवण १९७८ चीच. आपल्याकडे जुना वाडा न पाडतां पुढचें दर्शन नवें करतात, तसेंच हें.

ह्याच वेळीं घडलेली एक गंमत स्वदेशीच्या अभिमान्यांनीं मुद्दाम वाचावी. इंधनाच्या कायद्यांत एक कलम असें होतें कीं, देशी गाड्यांची सरासरी निराळी व परदेशी गाड्यांची निराळी काढावयाची. हेतु चांगला होता. अमेरिकन कारखानदारांनीं लहान काटकसरी गाड्या परदेशांतून आणून सरासरी सजवूं नये, आणि घरच्या कामगारांचे पोट मारूं नये, हा त्यांतला भाव. ज्या गाडीचा पाऊण हिस्सा माल अमेरिकेचा किंवा कॅनडाचा ती 'देशी'. फोर्डपाशीं दुसऱ्या रकान्यांत परदेशांत बनलेल्या हलक्या गाड्यांची सरासरी ऐसपैस शिल्लक होती, आणि देशी रकान्यांत क्राउन व्हिक्टोरियाच्या भुकेनें ओढाताण चाललेली. तेव्हां कंपनीनें काय करावें? गाडीचे कांहीं भाग मुद्दाम परदेशांतून मागविले, देशी माल पाऊण हिश्शाच्या खालीं आणला, आणि अमेरिकेंतली सर्वांत अमेरिकन दिसणारी ही मोटार कायद्याच्या वहींत 'परदेशी' म्हणून नोंदविली! कामगाराचे रक्षण करण्यासाठीं केलेल्या कलमानें काम बाहेर गेलें. कायदा करणारे जितके हुशार असतात त्याहून हिशेब लिहिणारे नेहमीं एक पाऊल पुढें असतात, असें आम्हांस वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

१९९६ च्या डिसेंबरांत जनरल मोटर्सनें शेव्रोलेट कॅप्रिस ही आपली अशीच मोठी गाडी बंद केली. टेक्ससमधील आर्लिंग्टनचा तो कारखाना उंच, ट्रकच्या चौकटीवरच्या गाड्या बनविण्यास दिला, कारण त्यांत नफा अधिक. कॅप्रिस ही पोलिसांची मोठी लाडकी गाडी होती. ती जातांच मैदान फोर्डला एकट्याला मोकळें मिळालें. पुढील पंधरा वर्षें अमेरिकेंत 'पोलिसाची गाडी' म्हटलें म्हणजे क्राउन व्हिक्टोरियाच डोळ्यांपुढें येई. लांबच्या रस्त्यावर आरशांत तिच्या दिव्यांची ठेवण दिसली कीं भलेभले आपोआप वेग कमी करीत.

पोलिसांस ती का आवडे हें समजण्यास विद्वत्ता लागत नाहीं. निराळी चौकट असल्यामुळें पदपथाच्या कडेवरून गाडी उडवली तरी तिचें कांहीं बिघडत नसे. धडक बसून पुढचा पत्रा चेपला तर कोपऱ्यावरचा कारागीर तो उतरवून दुसरा लावी. गिअरची दांडी सुकाणूच्या खांबावर असल्यामुळें दोन बैठकींच्या मध्यें बिनतारी यंत्र व संगणक ठेवण्यास जागा मिळे. मागच्या बांकावर दांडगा आरोपी बसूं शके. शिफ्ट संपेपर्यंत आठ आठ तास यंत्र चालू ठेवून उभें राहिलें तरी तें तापत नसे. शिवाय दहा वर्षांपूर्वींच्या गाडीचे अनेक भाग आजच्या गाडीस चालत, त्यामुळें नगरपालिकेच्या गॅरेजांत एकाच प्रकारचे सुटे भाग फळीवर ठेवले म्हणजे काम भागे. पोलिसांनीं काढून टाकलेल्या गाड्या लिलांवांत निघत, त्या टॅक्सीवाले घेत, आणि तेथून पुढें तिचा दुसरा जन्म सुरू होई.

परंतु ह्याच सांगाड्याच्या पोटांत एक वैगुण्य होतें. पेट्रोलची टाकी मागच्या आंसाच्या मागें, सामानाच्या पेटीच्या तोंडाशीं उभी बसविलेली होती. १९७८ मध्यें नकाशा काढतांना तें कोणास विशेष वाटलें नसेल. सामान्य कुटुंबाची गाडी रस्त्यांत थांबून राहत नाहीं. पोलिसाचें कामच मुळीं हमरस्त्याच्या कडेला थांबण्याचें. कोणास अडवावयाचें, कोणाच्या अपघातास आडोसा द्यावयाचा, आणि त्या वेळीं पाठीमागून सत्तर मैलांच्या वेगानें येणाऱ्याचें लक्ष नसलें तर धडक नेमकी टाकीवर. कधीं आंसाचा बोल्ट टाकींत घुसे, कधीं पेटींत ठेवलेलीं अवजारेंच तिला भोसकीत. अशा आगींत दहांहून अधिक पोलिस वर्षानुवर्षांत मृत्यु पावले. मार्च २००१ मध्यें ॲरिझोना संस्थानांतील फिनिक्स शहरीं एका टॅक्सीनें मागून धडक दिल्यावर गाडी पेटून एक तरुण पोलिस भयंकर होरपळला. तो वांचला, परंतु त्याच्या चेहऱ्यावर व हातांवर झालेल्या शस्त्रक्रियांची मोजदाद डझनांनीं करावी लागली.

ॲरिझोनाच्या त्या वेळच्या ॲटर्नी जनरल जॅनेट नापोलिटानो ह्यांनीं प्रश्न हातीं घेतला. कंपनीचें म्हणणें असें कीं, ही गाडी सरकारच्या कसोटीस उतरलेली आहे. इतक्या वेगाच्या धडकेंत कोणतीही मोटार पेटूं शकते. आणि पोलिसांपाशीं बहुतेक हीच गाडी असल्यामुळें अपघातांतही हीच दिसते. ह्यांतील शेवटचा मुद्दा तर्कास सोडून नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. सरकारी कसोटी त्या वेळीं ताशीं ३० मैलांच्या मागील धडकेची होती, आणि केंद्र सरकारच्या सुरक्षाखात्यानें २००२ च्या ऑक्टोबरांत आपली चौकशी दोष सिद्ध होत नाहीं म्हणून मिटविली. परंतु त्याच सुमारास कंपनीनें पोलिसांच्या गाड्यांस टाकीभोंवतीं बसविण्याच्या ढाली विनामूल्य देण्याचें मान्य केलें, आणि २००५ च्या सुमारास पोलिसांच्या गाडीसाठीं आग विझविणारें स्वतंत्र उपकरणही विकत मिळूं लागलें.

आम्हांस येथें कोणाचाही न्यायनिवाडा करावयाचा नाहीं. तथापि मनांत येतें तें सांगतों. सांगाडा जुना ठेवण्यांत जो पैसा वांचत होता तो ह्या टाकीच्या जागेसकट वांचत होता. नव्यानें आखलेल्या बहुतेक गाड्यांत टाकी मागच्या आंसाच्या पुढें, बैठकीच्या खालीं आली होती. येथें ती हलवावयाची तर चौकटच नवी करावी लागली असती. २००३ सालच्या गाड्यांत कंपनीनें चौकटीचा पुढचा भाग नवा केला, सुकाणूची रचनाही बदलली. टाकी जेथें होती तेथेंच राहिली. जो मनुष्य दुसऱ्याच्या रक्षणासाठीं रात्रीं रस्त्याच्या कडेला उभा असतो त्याच्या पत्नीस सरासरीचे आंकडे वाचून दाखविण्यांत काय हंशील?

आतां पुन्हा वहिनींच्या पिवळ्या गाडीकडे येऊं. न्यूयॉर्कची जुनी टॅक्सी म्हणजे कॅलमझू येथें बनणारी चेकर. ती १९८२ च्या जुलैमध्यें बंद पडली. तिची जागा आधीं कॅप्रिसनें व क्राउन व्हिक्टोरियानें मिळून घेतली आणि कॅप्रिस गेल्यावर ती एकट्या फोर्डची झाली. २००२ च्या सुमारास टॅक्सीसाठीं सहा इंच लांबविलेली एक आवृत्तिही निघाली, ती मागें बसणाराच्या गुडघ्यांसाठीं. त्या टॅक्सीच्या चाकामागें पंजाब, पाकिस्तान व बांगलादेश येथून आलेले पुष्कळ लोक असत, आणि मराठी प्रवाशास विमानतळावरून शहरांत जातांना आयुष्यांतलें पहिलें अमेरिकेंतलें संभाषण हिंदींत करावयास मिळे.

येथें एक नीट पाहण्यासारखी गोष्ट आहे. गाडी मालकाची, पण रोज ती भाड्यानें घेणारा चालक पेट्रोल स्वतःच्या खिशांतून भरतो. शहरांतील गर्दींत ही गाडी गॅलनला बारापंधरा मैलांच्या आसपासच जाई. गाडी स्वस्त, टिकाऊ व दुरुस्तीस सोपी हा लाभ मालकाचा. तिच्या भुकेचा भार चालकावर. २००७ मध्यें महापौर ब्लूमबर्ग ह्यांनीं सर्व टॅक्सी २०१२ पर्यंत वीज व पेट्रोल ह्या दोहोंवर चालणाऱ्या कराव्यात असें ठरविलें. टॅक्सीमालकांचा संघ न्यायालयांत गेला आणि २००८ च्या ऑक्टोबरांत न्यायालयानें शहरास थांबविलें. इंधनाचें प्रमाण ठरविणें हा केंद्र सरकारचा अधिकार, शहराचा नव्हे, असा निर्णयाचा रोख होता. अशा रीतीनें ज्या इंधनकायद्याच्या दडपणाखालीं ही गाडी जन्मास आली त्याच अधिकाराच्या आधारानें तिला आणखी चार दिवस मिळाले.

मुंबईच्या वाचकांस एव्हांना आपली काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी आठवली असेल. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें बनणारी ॲम्बॅसॅडर २०१४ पर्यंत चालली. परंतु आमच्या मतें ह्या दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत. आपल्या गाड्या दीर्घायुषी झाल्या त्या परवान्यांच्या भिंतीआड. दुसरी मिळतच नव्हती म्हणून आपण त्यांवर प्रेम केलें, आणि तें प्रेम खरेंही होतें. फोर्डच्या गाडीस मात्र साऱ्या जगाच्या मोटारी समोर उभ्या होत्या. तिला तारलें तें घरगुती गिऱ्हाइकानें नव्हे, तर नगरपालिका, पोलिसखातें व टॅक्सीमालक ह्यांनीं. ज्यांस गाडीचें रूप पाहावयाचें नसतें, हिशेबाची वही पाहावयाची असते. २००८ सालच्या गाड्यांपासून तर क्राउन व्हिक्टोरिया अमेरिकेंत सामान्य गृहस्थास दुकानांत नवी मिळेनाशीच झाली. ती फक्त खात्यांस व कंपन्यांस विकली जाई. यंत्रसामुग्रीची किंमत केव्हांच फिटलेली, नवा खर्च नाहीं, जाहिरात नाहीं. कारखानदारास ह्याहून सुखाचा माल कोणता?

तें सुखही संपलें. मर्क्युरी हें नांवच कंपनीनें मोडीत काढलें आणि जानेवारी २०११ च्या आरंभीं शेवटची ग्रँड मार्क्विस तयार झाली. ऑगस्टच्या अखेरीस शेवटची टाउन कार गेली. निसरड्या वळणावर गाडी फिरूं लागली असतां प्रत्येक चाकाचा ब्रेक आपोआप निराळा लावून ती सांवरणारें उपकरण १ सप्टेंबर २०११ पासून बनणाऱ्या सर्व मोटारींस अमेरिकेंत सक्तीचें झालें. १५ सप्टेंबर २०११ रोजीं दुपारीं सेंट थॉमसच्या कारखान्यांतून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली. ती अमेरिकेसाठीं नव्हतीच, सौदी अरेबियास जाणारी होती. तेलाच्या ज्या नाकेबंदीमुळें हा सांगाडा आखावा लागला, तींत पुढाकार घेणाऱ्या देशालाच त्याची शेवटची गाडी गेली. आणि ती तारीख जंबोचीच, बरोबर एकशेंसव्वीस वर्षांनंतरची.

त्या दिवशीं हजारांहून अधिक कामगार घरीं गेले. बापानें व मुलानें एकाच पट्ट्यावर काम केलेलीं घरें त्यांत होतीं. गांव लहान, आणि एवढ्या लोकांस पूर्वीएवढें वेतन देणारें दुसरें काम जवळपास नव्हतें. कारखान्याच्या इमारती पुढें पाडल्या गेल्या व जागा कित्येक वर्षें ओसाड पडून होती. तेथें आतां ॲमेझॉन कंपनीचें प्रचंड गोदाम आहे. २०२३ च्या मार्चमध्यें फोक्सवॅगन कंपनीनेंही विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांचा मोठा कारखाना सेंट थॉमस येथें काढण्याचें जाहीर केलें.

हें सर्व आम्हीं वहिनींस सांगितलें तेव्हां त्यांनीं चित्रांचें पुस्तक पुन्हा उघडलें आणि चौथें पान काढलें. तें २०१९ सालचें होतें. त्यांत नातसून कडेवर मूल घेऊन उभी आहे, आणि मागची पिवळी गाडी उंच, आखूड व निराळीच आहे. "ही कोणती?" म्हणून त्यांनीं विचारलें. चष्मा लावून पाहिलें, पण गाडीच्या पाठीवरचें नांव चित्रांत आलें नव्हतें.